पाचव्या सामन्याचं हेल्मेट

तेवीस वर्षं माझ्या गळ्यात किल्ल्यांचा जुडगा आहे. टालमेज स्टेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं सगळं सामान माझ्या ताब्यात: हेल्मेटं, खांद्यांचे पॅड, जर्सी, बूट. पोरं मला काका म्हणतात. हॅडिक्स कोच नुसतं "वेन्डल!" म्हणून ओरडतात, आणि काय हवंय ते त्यांच्या तोंडून निघायच्या आत माझा हात तिथे पोचलेला असतो. याचा मला मोठा अभिमान होता. मेला तो अभिमान.

डोन्ट्रेल पेटवे आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे दर खेळीत चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो. कॉलेजच्या खेळातलं त्याचं हे चौथं, म्हणजे शेवटचं वर्ष; आधीची तीन दुसऱ्या कॉलेजात. डोकं भोपळ्याएवढं, त्याच्यासाठी हेल्मेट खास मागवावं लागलं, पण उंची बेताची. पुढे मोठ्या व्यावसायिक संघात त्याला कुणी उभं करणार नव्हतं, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आता पोरांना जाहिरातींचे पैसे घेता येतात. जे काय मिळवायचं ते इथेच, कॉलेजात असेपर्यंत.

जानेवारीत आमचे दुय्यम कोच, ब्रिल, अलाबामात त्याच्या घरी गेले. त्याच्या आईच्या हातचा तळलेला कॅटफिश दोनदा मागून खाल्ला आणि म्हणाले, "बाई, पोराला आमच्याकडे पाठवा. आमच्या गावात ट्रक विकणाऱ्या रॉइस मॅब्रींच्या जाहिरातीत त्याचा फोटो लागेल, हंगामाचे नव्वद हजार डॉलर मिळतील." कागद नाही, सही नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. जूनमध्ये ब्रिलना दुसऱ्या कॉलेजात जास्त पगार मिळाला आणि ते गेले. त्यांना कुणी गद्दार म्हटलं नाही.

फोटो मात्र लागला. हायवेवर चाळीस फुटी डोन्ट्रेल लाल ट्रकला टेकून हसत होता. चार सामने झाले, चारही जिंकले, आणि त्याच्या हातात एक डॉलर पडला नाही. मॅब्री म्हणायचे कोचना विचार. कोच म्हणायचे मॅब्रींना विचार.

आमच्या खेळात एक नियम आहे. हंगामात चार किंवा त्याहून कमी सामने खेळलास, तर ते वर्ष धरत नाहीत, एकदा सवलत मिळते आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळता येतं. पाचव्या सामन्यात एका खेळीपुरतं, म्हणजे चार-पाच सेकंदांपुरतं जरी पाऊल आत पडलं, तरी वर्ष गेलं. म्हणून चौथ्या सामन्यानंतरच्या सोमवारी डोन्ट्रेल कोचकडे गेला आणि म्हणाला, "पैसे नाहीत तर मी निघतो. पुढच्या वर्षी दुसरीकडे खेळेन." दुसरीकडून विचारणा होतीच, तीही लेखी.

कोच म्हणाले, "शनिवारी मध्यंतरात मॅब्री स्वतः तुझ्या आईच्या हातात चेक देतील. तू फक्त कपडे चढवून कडेला उभा राहा, लोकांत बोभाटा नको. मी तुला आत पाठवणार नाही. शब्द देतो."

शनिवारी सकाळी पोरगं माझ्या खोलीत आलं. हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं.

"काका, हे ट्रंकेत घाला आणि कुलूप लावा."

"का रे? कुणी चोरणारे का? तुझ्या टोपीत इथली तीन पोरं मावतील."

तो हसला नाही. "कोचनी शब्द दिलाय, म्हणून. हेल्मेट नसलं तर कुणी मला आत ढकलू शकणार नाही. दुसऱ्या कुणाचं मला बसत नाही."

"आणि तूच मागितलंस तर?"

"तरी द्यायचं नाही. मी रडलो, शिव्या दिल्या, तरी नाही. आई चेक हातात धरून दाखवेल तेव्हाच. काका, मी मला ओळखतो. म्हणून तुमच्याकडे आलोय."

मी कुलूप लावलं आणि किल्ली जुडग्यात अडकवली. सामन्याच्या वेळी ती ट्रंक मैदानाच्या कडेला माझ्याजवळच असते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. एवढ्या मोठ्या कॉलेजात पोराला विश्वास ठेवायला मी सापडलो, असं वाटलं.

त्याची आई, अर्नेस्टीनबाई, आमच्या बाकामागे बाराव्या रांगेत बसली होती. चर्चला घालतात तसा पिवळा ड्रेस, मांडीवर पर्स. मध्यंतर आलं. बँड वाजला, पोरी नाचल्या. मॅब्री वर काचेच्या खोलीत पाहुण्यांबरोबर डुकराच्या भाजलेल्या बरगड्या चावत बसले होते, ते खाली आलेच नाहीत. बाईंनी माझ्याकडे बघून 'नाही' अशी मान हलवली. मी डोन्ट्रेलकडे बघून तशीच मान हलवली. त्याने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

त्याच्या जागी ब्रायसन नावाचं अठरा वर्षांचं पोर खेळत होतं. घाबरत घाबरत, पण जिद्दीने. तिसरा क्वार्टरबॅक गुडघा बांधून घरी होता. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागे होतो आणि समोरची रेषा, जिच्यापलीकडे चेंडू नेला की सहा गुण, एका यार्डावर होती. आमच्याकडे खेळ थांबवून घ्यायची संधी उरली नव्हती. ब्रायसनने चेंडू घेतला, तिघे त्याच्यावर कोसळले, आणि त्याचं हेल्मेट उडून घरंगळत माझ्या पायाशी आलं.

हेल्मेट सुटलं की खेळाडूने पुढची एक खेळी बाहेर बसायचं, हाही आमचा नियमच. एकच खेळी. हनुवटीचा पट्टा सकाळी मीच तपासला होता. ढिला होता का? अजून मला ठरवता येत नाही.

"पेटवे!" कोच ओरडले. दिलेला शब्द त्यांनी एका श्वासात गिळला. "आत हो! एक खेळी!"

डोन्ट्रेल जागचा हलला नाही. मग मैदानातून लुआ ओरडला. लुआ म्हणजे त्याचा खोलीतला सोबती, सामोआचं दीडशे किलोचं धूड, जानेवारीपासून दोघे एका ताटात जेवायचे. त्याचं नाक फुटलं होतं, दात लाल झाले होते.

"डी! एकच रे! आम्ही दहाच जण उभे राहू काय इथे?"

दहा पोरं वळून त्याच्याकडे बघत होती. मी डोन्ट्रेलचा चेहरा पाहिला. तो धावत माझ्याकडे आला.

"काका, हेल्मेट."

"तू म्हणाला होतास..."

"काका, हेल्मेट द्या!"

"वेन्डल!" मागून कोच ओरडले.

आणि माझा हात गेला. देवाशपथ सांगतो, मी काही ठरवलं नाही. किल्ली लागली, झाकण उघडलं, हेल्मेट त्याच्या हातात गेलं, पट्टासुद्धा मी लावून दिला. तेवीस वर्षांची सवय. त्याची पाठ वळल्यावर मी वर पाहिलं. सगळं स्टेडियम उभं राहून हात हलवत होतं. अर्नेस्टीनबाईही उभ्या होत्या, पण त्यांचे हात आडवे हलत होते. नको, नको, नको. एवढ्या हातांत ते दोन कुणाला दिसणार?

डोन्ट्रेलने चेंडू घेतला, लुआने वाट केली, डोन्ट्रेल त्याच्या पाठीला चिकटून रेषेपलीकडे पडला. सगळं मिळून चार सेकंदं. आम्ही जिंकलो.

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत कोच ज्याने सामना वाचवला त्याला चेंडू देतात, ही आमची रीत. कोच बाकावर चढले. "आज चेंडू कुणाला? पेटवेला? नाही! त्याचं हेल्मेट कुलपात होतं, माहितीय? ज्या म्हाताऱ्याने ते तीन सेकंदांत बाहेर काढलं, त्याला! वेन्डल, ये इकडे!"

पोरांनी माझ्या नावाचा घोष केला, मला उचलून घेतलं. मी चेंडू घेतला. दुसरं काय करणार होतो? कोपऱ्यात डोन्ट्रेल उभा होता. तोही टाळ्या वाजवत होता, कारण सगळे वाजवत होते.

रविवारी त्याने मॅब्रींना फोन केला. ते म्हणाले, "खेळलास ना? मग कुरकुर कसली? आणि पैशांचं ब्रिल बोलला होता, मी नाही." ज्या कॉलेजकडून विचारणा होती त्यांनी नियम पाहिला, शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. पाच सामने झाले. वर्ष गेलं, आणि त्याबरोबर त्याची कॉलेजातली कारकीर्दही.

सोमवारी तो सामान परत करायला आला. उरलेले सात सामने फुकट खेळणार नव्हता. बाहेर भिंतीवर कुणीतरी 'पळपुटा' लिहून ठेवलं होतं, त्याखाली त्याच्या जर्सीचा नंबर. मी यादी काढली. जर्सी दोन, पॅड एक, बूट तीन जोड. हेल्मेट त्याने शेवटी ठेवलं.

"डोन्ट्रेल," मी म्हणालो, "चूक माझी."

"मीच मागितलं ना काका."

"मागितलंस तरी द्यायचं नव्हतं."

त्याने यादी पुढे ओढली. त्याने शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तो यादीवर सही करून गेला. यादीवरची सही मात्र आमच्याकडे कधी चुकत नाही.

खाली गाडीत त्याची आई बसली होती. मी चेंडू घेऊन धावत गेलो, निदान हा तरी त्याच्याकडे राहावा म्हणून. बाईंनी काच खाली केली. चेंडूकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या जुडग्याकडे.

"हेल्मेट तुमच्याकडे दिलं होतं ना त्याने?"

"हो बाई."

"शुक्रवारी फोनवर सांगत होता. मी म्हटलं, अरे, तिथे तुझं ऐकणारं कोण आहे? तर म्हणाला, आई, एक जण आहे. कोचच्या तोंडावर नाही म्हणेल असा."

काच वर गेली. डोन्ट्रेलने गाडी चालू केली.