शेवटच्या खोलीची नळी

"ही माझी खोली, आणि हिला नळी सुतळीएवढी?" म्हातारीने लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं. तेही पिठाचं.

"आई, बोट नको गं!" मुलाने बाहीने पडदा पुसला. इमारतींतल्या खोल्या उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या आखणं हा त्याचा धंदा. आज तो आईच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या नव्या घराचा नकाशा उघडून बसला होता. "जाडी मी ठरवत नाही. खोलीला किती ऊब हवी ते सांगायचं, पुढचं प्रोग्राम बघतो."

म्हातारी जेमतेम चौथी शिकलेली. पण नवरा प्लंबर, आणि पस्तीस वर्षं त्याच्या नळ्यांचं दुसरं टोक हिने धरलेलं. दहा मिलिमीटरची कुठली नि पंधराची कुठली, ती डोळे मिटून सांगायची.

"तुझा बाप शेवटच्या खोलीपासून मोजायला घ्यायचा," ती म्हणाली. "बॉयलरजवळचे काय, आयतेच शेकतात. टोकाला कोण झोपतं ते आधी विचारायचा."

"प्रोग्रामही तेच करतो."

"मग त्याला काय सांगितलंस? टोकाला कोण झोपतं?"

मुलाने नाइलाजाने त्या खोलीवर टिचकी मारली. इतर खोल्यांपुढे एकवीस अंश होते, हिच्यापुढे बारा. नाव होतं 'सामान'. तीन अक्षरं वाचायला तिला काही वेळ लागला नाही.

"पाया खणताना म्हणाला होतास, ही तुझी."

"आणि नंतर तू काय म्हणालीस? सुनेच्या तोंडावर? मेले तरी त्या घरात पाय ठेवणार नाही."

म्हणाली होती. खिडक्यांच्या पडद्यांच्या रंगावरून. जिभेला हाड नव्हतंच तिच्या; पण तिचं बोलणं आजवर कुणी इतकं मनावर घेतलं होतं? घेतलं ते या शहाण्याने. आत पलंगाखाली महिनाभर बांधून ठेवलेली बॅग मात्र त्याला ठाऊक नव्हती.

"येणार आहेस का? बदलतो ना," म्हणत त्याने बाराचे एकवीस केले.

दहाची नळी पंधराची झाली. मग तिच्यामागची बोळातली पंधराची बावीस झाली, जिन्याखालची बावीसची अठ्ठावीस. बॉयलरपर्यंत एकेक रेघ फुगत गेली. म्हातारी डोळे विस्फारून बघत राहिली. तिच्या एकटीसाठी अख्खं घर सरकून बसलं होतं.

"नळ्या तर कालच येऊन पडल्यात," मुलगा स्वतःशीच पुटपुटला. "परत पाठवाव्या लागणार सगळ्या."

म्हातारीने हात झटकले. "कर परत बारा."

"अगं, करतो मी काहीतरी..."

"मला काय धाड भरलीये इथे? सामानच लिही. सामान कुरकुरत तरी नाही."

तो हसला. सुटल्यासारखा हसला, असं तिला वाटलं. तिने भरून दिलेला डबा घेऊन तो गेला.

तिची खोलीही या इमारतीत टोकाचीच. भिंतीवरचा, खोली तापवणारा रेडिएटर खालून कोमट होता, वरून गार. आत हवा अडकली होती. नवऱ्याची रेडिएटरची चावी घेऊन तिने कडेचा स्क्रू सैल केला. फुस्स आवाज येत राहिला, मग पाण्याचा थेंब आला. तिने स्क्रू आवळला आणि वरच्या पत्र्यावर तळवा ठेवून थांबली.

ऊब चढायला वेळ होता. तिने पलंगाखालची बॅग ओढली, वरची शाल तेवढी काढून घेतली, आणि चेन पुन्हा लावून बॅग होती तिथे ढकलली.