तीन नंबरचा डबा

"आले पोपट!" दुकानाच्या फळ्या काढता काढता मिस्त्री पुटपुटला.

चौकात दहा-बारा सायकलवाले उतरले होते. अंगाला चिकटलेले पिवळे-हिरवे कपडे, डोळ्यांवर काळे चष्मे. सायकल सात किलोची, चालवणारा नव्वद किलोचा, आणि वजन कमी करायचं ते सायकलचं! त्यापायी घंटी काढणार, स्टँड काढणार, मडगार्ड काढणार. मग पाठीवर चिखलाचा पट्टा मिरवत दुकानात येणार आणि विचारणार, "काका, इथे चांगला रूट कुठला?" स्वतःची चेन उतरली तर बसवता येत नाही, आणि म्हणे रूट.

डोंगराच्या पायथ्याचं हे गाव एवढंसं, पण त्यातून रस्ते पाच फुटत. एक नदीकाठचा, दोन धरणाचा, तीन खिंडीचा, चार खाणीचा, पाच जंगलातला. हे आकडे मिस्त्रीनेच दिलेले. पाचही रस्ते त्याला तोंडपाठ आहेत असं सगळं गाव मानायचं, आणि मिस्त्रीला स्वतःला तर त्यात तिळमात्र शंका नव्हती. ही विद्या त्याने सायकल हाणून मिळवली नव्हती. छे! हौसेखातर घाम गाळणं हे त्याच्या मते रिकामटेकड्यांचं काम. त्याने दुकानातल्या भिंतीवर रंगाचे पाच रिकामे डबे टांगले होते, एकेका रस्त्याला एकेक. ज्या रस्त्याने सायकलचं जे मोडलं ते काढायचं आणि त्या रस्त्याच्या डब्यात टाकायचं. एक नंबरात काटे. चारात तुटलेले स्पोक. तीन नंबरचा डबा मात्र ओसंडून वाहत होता. त्यात नुसती ब्रेकची रबरं, झिजून चकचकीत झालेली, काही तर पार पत्र्याला टेकलेली.

"रस्ता बघायला डोळे लागत नाहीत, डबे लागतात," असं मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

त्या आठवड्यात नगरपालिकेचा कारकून हातात कागद घेऊन आला. गावाच्या सायकल-मार्गांची पुस्तिका निघणार होती. पुस्तिकेत जो रस्ता असेल तिकडेच पाटी लागणार, तिकडेच पाहुणे जाणार. कारकून स्कूटरवाला. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायचं, एवढंच त्याचं रस्त्यांबद्दलचं ज्ञान.

"मिस्त्री, तुम्ही सांगाल ते खरं," तो म्हणाला.

मिस्त्रीने पान्याने तीन नंबरचा डबा वाजवला. "हा खोड. खिंडीचा रस्ता नव्हे तो, रबरं खाणारी गिरणी आहे. कुणाचा तरी जीव जाईल एक दिवस, मग बसाल बोंबलत."

कारकुनाने पेन्सिलीने तीन नंबरावर काट मारली. "शाईने परवा मारतो, कागद छापायला जाताना," तो म्हणाला, आणि मग जरा घुटमळला. "पण मिस्त्री, खिंडीत तर तुमच्या बहिणीची चहाची टपरी आहे ना?"

"मग काय झालं? बहिणीसाठी खोटं बोलू?" मिस्त्री गुरकावला, आणि आपण केवढे तत्त्वाचे आहोत या विचाराने दिवसभर खूश राहिला.

खरं तर त्या टपरीवर बहिणीचं सगळं घर चालत होतं. मेहुणा चार वर्षांपूर्वी गेला. त्याच सुमारास डोंगराच्या पोटातून बोगदा झाला आणि मोटारी, ट्रक, सगळे खालून जायला लागले. खिंडीत उरले फक्त सायकलवाले. ते वर पोचले की धापा टाकत तिच्या बाकावर आडवे व्हायचे आणि दोन-दोन कप चहा प्यायचे. ते बंद झाले असते तर टपरी बंद, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईने दुसऱ्याच्या दारी भांडी घासायला जायचं.

परवाचा दिवस उजाडला, आणि कारकुनाच्या आधी बहीणच दुकानासमोर येऊन उभी राहिली. जुनी काळी सायकल, साडीचा पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घामाचा थेंब नाही.

"दादा, माझ्या रस्त्याने तुझं काय घोडं मारलंय?"

कारकून फोटो काढायला वर गेला होता आणि चहा पिता पिता सगळं ओकून आला होता. मिस्त्रीने त्याला मनातल्या मनात दोन शेलक्या शिव्या हासडल्या.

"हे बघ, धाकटे, हा डबा..."

"डबा गेला खड्ड्यात. तू शेवटचा कधी आलास वर?"

"तुझे यजमान गेले तेव्हा."

"जीपमधून. सायकलने कधी?"

एवढ्यात कारकूनही येऊन पोचला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही कान टवकारून बसली. मिस्त्रीने पाना उगाच या हातातून त्या हातात घेतला. सायकलने तो खिंडीत एकदाच गेला होता, अठरा वर्षांपूर्वी, बहीण नुकतीच लग्न होऊन वर राहायला गेली होती तेव्हा. येताना अख्खा उतार त्याने सायकल हातात धरून चालत काढला. घरी सांगितलं, पंक्चर झालं होतं. सायकल-मिस्त्री, खिशात पंक्चरचं सामान, आणि अकरा किलोमीटर चालत आला! पण आईने विश्वास ठेवला, गावाने ठेवला, आणि मग मिस्त्रीनेही ठेवला.

"चल वर," बहीण म्हणाली. "डोळ्यांनी बघ, आणि मग खुशाल खोड. हे भाऊ येतील मागून स्कूटरवर, साक्षीला." मग ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आणि उतरताना पंक्चर झालंच, तर ये चालत. तुला सवय आहे."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे हिने पाहिलं होतं! अठरा वर्षं ही बाई सगळं पोटात ठेवून होती.

चार लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने आपल्या सायकलला नवीकोरी रबरं बसवली, ब्रेकच्या तारा ताणल्या आणि निघाला. चढावर त्याची पार दमछाक झाली. बहीण दर वळणावर थांबायची, तो दिसला की पुन्हा पुढे जायची. मागे कारकून स्कूटरवरून, "बसता का मागे?" असं विचारत होता, मेला. रस्त्याला नाव ठेवायला मिस्त्री खड्डा शोधत होता, खडी शोधत होता. नव्हती. बोगदा झाल्यापासून अवजड गाड्याच बंद, रस्ता उखडणार कशाने?

टपरीत तिने त्याला चहा दिला. बाक धुतलेला, कप चकचकीत, खांबाला हवा भरायचा पंप बांधलेला. "कुणाला लागला तर," ती म्हणाली. मिस्त्रीला एकदम वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो चिडायचा, म्हणून तो पंपाच्या वॉशरला नावं ठेवत बसला.

मग उतार आला. पहिल्याच वळणावर डाव्या हाताला अख्खी दरी उघडी पडली आणि मिस्त्रीची बोटं ब्रेकवर जी आवळली ती सुटेनात. पाचावर धारण बसली. कानात चर्रर्र आवाज, नाकात जळक्या रबराचा वास. बहीण बरीच पुढे निघून गेली. वळणाआधी जरासा ब्रेक, मग मोकळं सोडायचं, पुढच्या वळणाआधी परत जरासा, असं तिचं आरामात चाललं होतं. मागून दोन पिवळ्या पोपटिणी आल्या, साठीच्या तरी असतील, एकमेकींशी सुनांबद्दल बोलत होत्या. "काका, काही मदत हवी का?" असं विचारून त्या पुढे गेल्यासुद्धा. पायउतार व्हावं असं त्याला दहादा वाटलं. पण मागे स्कूटर होती.

तो एकदाचा दुकानाशी पोचला. बहीण आधीच येऊन पायरीवर बसली होती. गिऱ्हाइकं हललेली नव्हती, तमाशा फुकटचा सोडतंय कोण?

कारकुनाने कागद काढला. शाईचं पेन काढलं. "मग, मिस्त्री? मारू काट?"

सवयीने मिस्त्रीचा हात पान्याकडे गेला. त्याने आपल्या सायकलची रबरं काढली. सकाळी बसवलेली, पण खाचा पार सपाट, वर काळी चकाकी, एका बाजूने जळालेली. तीन नंबरच्या डब्यात होती तश्शीच. त्यात टाकली असती तर पुन्हा ओळखू आली नसती.

"बघा!" कारकून उत्साहाने म्हणाला. "एका फेरीत! मिस्त्री म्हणत होते तेच खरं."

बहिणीने मान खाली घातली.

मिस्त्रीने खाली वाकून तिच्या सायकलचं चाक फिरवलं. रबरं जुनी, पण खाचा स्पष्ट दिसत होत्या.

"ही कधी बसवलीस?"

"तुझ्या मेहुण्याने बसवलेली. तो होता तेव्हाची."

तोच रस्ता, आणि रोजचा. मिस्त्री हातातल्या आपल्या रबरांकडे बघत राहिला. डबा भरून रबरं त्याने गोळा केली होती, आणि प्रत्येक वेळी रस्त्याला शिव्या घातल्या होत्या. ज्यांची रबरं झिजत नव्हती ते त्याच्या दुकानात कशाला येतील? आले होते ते सगळे त्याच्यासारखे.

"खोडू नकोस," तो म्हणाला. "रस्ता चांगला आहे. पाचांत चांगला."

"अहो, मग ही रबरं?"

"ती रस्त्याने नाही खाल्ली. मी खाल्ली. भ्यालो मी." गिऱ्हाइकांपैकी एक फिसकन हसला. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आजच नाही. अठरा वर्षांपूर्वीही..."

"तेव्हा पंक्चर झालं होतं त्याला," बहीण घाईघाईने कारकुनाला म्हणाली. "मी पाहिलंय ना वरून. पुढचं चाक पार बसलं होतं."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे न बघता पदराने हँडल पुसत होती.

"नव्हतं झालं पंक्चर," तो म्हणाला, आणि आपली दोन रबरं त्याने तीन नंबरच्या डब्यात टाकली.