परत आलेला स्पीकर

१९६८ च्या श्रावणात मी मुंबईहून गावी दोन स्पीकर पाठवले. आठ दिवसांनी त्यातला एक परत आला. गोणपाटात नीट शिवलेला, कोपऱ्यांना केळीची सुकी पानं बांधलेली. सोबत माझा थोरला भाऊ मोतीदादा याची चिठ्ठी होती: "चि. रूपचंद यास अनेक आशीर्वाद. दोहोंपैकी एक पसंत पडला, ठेवला. दुसरा कय्युमबरोबर परत पाठवला आहे. ज्याचा त्याला पोचता करणे."

मी ती तीनदा वाचली. ते स्पीकर जोडीचे होते.

मी तेव्हा एका कापूस दलालाकडे कारकून होतो. आमच्याशी व्यवहार असलेल्या कंपनीतला गोरा साहेब कायमचा विलायतेला चालला आणि त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं. त्यातून मी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, जमिनीवर उभे राहणारे कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर आणि परदेशात निघालेली भजनांची एक रेकॉर्ड घेतली. नव्या तऱ्हेची रेकॉर्ड होती. गाणारीचा आवाज एका स्पीकरमध्ये मोठा, वाद्यं दुसऱ्यात मोठी, अशी वाटणी केलेली. दोन्ही एकदम वाजले की गाणं पुरं व्हायचं. माझ्या खोलीत ते उभे केले असते तर निजायला मला जिन्यात जावं लागलं असतं. पण मी ते माझ्यासाठी घेतलेच नव्हते. घेतले ते मायसाठी.

आमचं गाव तापीच्या काठी, शहाद्याहून सात मैलांवर. वडील चुनीलाल शेती करत आणि मृदंग वाजवत. दिवेलागणीला ओसरीत बसून त्यांनी मृदंगाला कणीक लावली की तीन-चार माणसं टाळ घेऊन येत. माझी आई तापीबाई, आम्ही तिला माय म्हणत असू, त्या वेळी चुलीपाशी असे. पुरुषांच्या बैठकीत बाईने बसून गाण्याची आमच्यात रीत नव्हती. ती आतून गाई. मधे मातीची भिंत. भाकरी थापता थापता ती कडवं उचले आणि बाबा तिच्यासाठी हात हलका करत. टाळवाले म्हणत, चुनीलालभाऊंच्या घरी भिंत गाते. १९५१ साली मी मुंबईला निघालो त्या संध्याकाळीही ती भिंत गात होती. ते कायमचं आहे असं मी धरून चाललो होतो.

१९५९ च्या पौषात बाबा गेले. मृदंग आढ्याला टांगला गेला. त्यानंतर माय गायली नाही. लग्नाघरी बायका गळ घालत, तेव्हा म्हणे, "मन्हा गळा बसना." गळा काही बसला नव्हता. दरवर्षी दिवाळीला मी घरी जाई, तेव्हा संध्याकाळी फक्त भाकरी थापल्याचा आवाज येई. चार वर्षांपूर्वी गावात वीज आली होती. मला वाटलं, निदान रेकॉर्ड तरी वाजू दे.

यंत्रासोबत चिठ्ठी लिहायची राहिली, ही माझी चूक. आणि दादाची चूक म्हणावी तर तिला मीच वळण लावलेलं होतं. कित्येक वर्षं मी मुंबईहून जे काही पाठवी ते जांगडीवर. म्हणजे ओळखीच्या व्यापाऱ्याकडून पसंतीसाठी दोन नग आणायचे, एक ठेवायचा, एक परत करायचा. वहिनीची लुगडी तशीच गेली. दादाची छत्री तशीच. भिंतीवरचं घड्याळ निवडायला त्यांनी दोन्ही घड्याळं शेजारी-शेजारी टांगून दोन दिवस ठोके ऐकले होते. कय्युम दर आठवड्याला शहाद्याहून मुंबईला केळीचा ट्रक घेऊन येई. परतताना मी दिलेला माल गावी पोचवी, शुक्रवारी मुंबईला निघताना परत न्यायचं ते नेई. तेव्हा दोन सारख्या पेट्या घरी उतरल्यावर दादाने काय समजायचं?

पुढचं मला रंजनावहिनीने आणि सत्तारने सांगितलं. सत्तार म्हणजे दादाचा शाळेपासूनचा दोस्त. शहाद्याला त्याचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. पंचक्रोशीतल्या लग्नांत कर्णा त्याचाच. दादाने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं.

"दोनमधला एक निवडाना शे," दादा म्हणाला. "शुक्कुरवारले कय्युम जाई."

सत्तार कामाला चोख. यंत्राच्या पाठीमागे एक लाल खूण होती, एक पांढरी. तारांनाही तशाच खुणा. त्याने लाल तार लालला आणि पांढरी पांढऱ्याला जोडली. खुणा सोडून एकाच भोकात आळीपाळीने दोन्ही स्पीकर लावून पाहिले असते, तर दोन्ही सारखेच वाजले असते आणि घोळ तिथेच मिटला असता. पण सत्तार खुणेबाहेर जाणारा माणूस नव्हता. दादाने आधी तापीच्या वाळूतलं टरबूज ठोकून पाहावं तसे दोन्ही स्पीकर बोटाने ठोकून पाहिले. फरक लागला नाही. मग सत्तारने पांढरी तार उपसली आणि लाल खुणेचा वाजवला.

"वा!" दादा म्हणाला. "बाई जशी समोर बठीसन गाई ऱ्हायनी."

मग लाल उपसून पांढऱ्या खुणेचा. घरात मृदंग शिरला. बाईचा आवाज मात्र नदीच्या पल्याड गेला.

"हाऊ डबा कच्चा शे, मोतीभाऊ," सत्तारने निकाल दिला. "आवाज मांगे पडस."

"दोन्ही संगे वाजाडी दखा ना," वहिनी म्हणाली.

"भाबी, दोन बैल पारखाना व्हतीन तं एकेक चालाडी दखतस. जोडीमा एकनी खोड झाकाई जास."

आमच्याकडे बैल असेच घेतात. पहिला ठेवायचा असं ठरलंच होतं, तोच आतून, चुलीपाशून, मायचा आवाज आला.

"दुसरा ठेव."

दादाला वाटलं, भिंतीमुळे तिला नीट ऐकू गेलं नाही. तो दारात जाऊन म्हणाला, "माय, त्यामा बाई लांब शे."

"लांबच बरी शे."

दादा पेचात पडला. गोकुळअष्टमीला सगळ्या गल्लीला त्याने भजन ऐकायला बोलावून ठेवलं होतं. लोक येऊन बसणार आणि गाणारी नदीपल्याड, हे त्याला पटेना. दोन दिवस त्याने आलटून पालटून दोन्ही वाजवले. शेजारची धनुबाई अंगणातून ओरडली, "ओ मोती, डबा निवडी ऱ्हायना का नवरी?" शुक्रवारी सकाळी त्याने मन घट्ट केलं आणि पांढऱ्या खुणेचा स्पीकर गोणपाटात शिवून टाकला.

कय्युमचा ट्रक दाराशी उभा राहिला तेव्हा वहिनी कात्री घेऊन बाहेर आली.

"नऊ वरीसमा आत्याबाईनी तुमनापाशी काय मांगं? एक लुगडं नही मांगं. आते एक डबा मांगा, तं तुम्ही पारख सांगी ऱ्हायनात."

दादाने कात्री घेतली, टाके उसवले आणि दुसरा स्पीकर शिवायला बसला. कय्युमने दोनदा हॉर्न वाजवला.

"तुन्ही निवड व्हवापावत मन्ही केळी पिकी जातीन, मोतीभाऊ!"

अशा रीतीने गाणारी बाई मुंबईला माझ्याकडे परत आली आणि मृदंग गावी राहिला.

मला वाटलं, स्पीकर बिघडला असेल. एका जाणत्या माणसाला दाखवला. त्यात काहीही बिघाड नव्हता. मी कार्ड टाकलं: "यात काय खराबी होती?" दादाचं उत्तर आलं: "खराबी नाही. मायला पसंत पडला नाही, इतकेच." घरच्यांनी ही जोडीही जांगडीचीच धरली होती, याचा तेव्हा कुठे मला उलगडा झाला आणि मी खोलीत एकटाच हसलो. चार ओळींत सगळं कळवता आलं असतं. पण दिवाळीला स्पीकर घेऊन आपणच जावं, दोन्ही जोडावेत आणि त्यांचे चेहरे पाहावेत, असं मनात आलं. मला तेव्हा मुंबईच्या शहाणपणाची थोडी घमेंड होती.

धनतेरसला मी शहाद्याच्या स्टँडवर उतरलो. स्पीकर एसटीच्या टपावर होता. सत्तार त्याच्या दुकानासमोर भेटला. जोडीची गोष्ट सांगताच त्याने कपाळावर हात मारला.

"अरे रामा! मी जोडी तोडी टाकी?" तो म्हणाला आणि दुकान बंद करून माझ्याबरोबर बैलगाडीत बसला. वाटभर तो मला विनवत होता, बैलांची गोष्ट गावात कुणाला सांगू नको म्हणून.

घराशी पोचलो तेव्हा दिवे लागत होते. आत मृदंग वाजत होता. त्यावर बाई गात होती, स्पष्ट, मोकळी. मला वाटलं, रेकॉर्डच आहे. चार पावलं गेल्यावर ध्यानात आलं की ही रेकॉर्डमधली बाई नाही. मधेच भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

दादा ओसरीत स्पीकरशेजारी मांडी घालून बसला होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मला बसायची खूण केली. मी आणि सत्तार पायरीवरच बसलो. सतरा वर्षांपूर्वी मी जो आवाज मागे ठेवून गेलो होतो तो जरा जाड झाला होता, वरच्या सुराला थोडा थरथरत होता. पण कडवं उचलायची जागा तीच. रेकॉर्डमधली बाई दूर कुठेतरी होती. माय तिचा सूर काठीसारखा हाताशी धरून चालत होती.

"अष्टमीले गल्लीना लोके बठेल व्हतात," वहिनीने नंतर सांगितलं. "बाई काय म्हनस ते कोणले समजेना. लोके हसाले लागनात. तं आत्याबाईनी मझारमाथून ते कडवं म्हनी दखाडं. तधळपशी रोज." त्या दिवसापासून आतून रोज असंच चाललं होतं.

यानंतर मी जे केलं ते करायला नको होतं. पण मी ओझं वाहून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्तार पुन्हा आला. आम्ही लाल खुणेचा स्पीकर ओसरीच्या दुसऱ्या टोकाला उभा केला, तार जोडली आणि रेकॉर्ड लावली. एका बाजूने मृदंग, दुसऱ्या बाजूने बाई, आणि मधे सगळं गाणं उभं राहिलं. सत्तारच्या डोळ्यांत पाणी आलं. धनुबाई दारात येऊन उभी राहिली. दादा सारखा म्हणत होता, "याले म्हनतस गानं!"

आतून फक्त भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

मला वाटलं, ऐकते आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी, पाडव्याला, मी पाणी प्यायला आत गेलो. माय परातीतलं पीठ मळत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

"रूपचंद, हाई बाई कव्हळ ऱ्हाई?"

घरी आलेल्या पाहुणीचा मुक्काम कधीपर्यंत, असं विचारावं तसं.

"का माय? चांगली गास ना?"

"चांगलीच गास," ती म्हणाली. "मंग मन्हं काय काम?"

मी ओसरीत आलो. बाई अगदी समोर बसून गात होती. तिच्यात काही म्हणता काही खोट नव्हती. मी यंत्रामागे वाकलो आणि लाल तार उपसली. बाई नदीपल्याड गेली. दादा तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिला. मृदंग एकटा चालला, एक आवर्तन, दोन. भाकरी थापल्याचा आवाज थांबला. आणि भिंत गाऊ लागली.

शुक्रवारी कय्युमचा ट्रक आला. तो स्पीकर या वेळी मीच गोणपाटात शिवला, कोपऱ्यांना केळीची पानं बांधली. यंत्राशिवाय मुंबईत तो काय कामाचा, असं दादाने विचारलं. ट्रंक ठेवायला होईल, असं मी सांगितलं, आणि पुढे त्यावर ट्रंकच राहिली. कय्युमने तो उचलून ट्रकमध्ये घडांच्या शेजारी टेकवला आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"आजून पसंत पडना नही का?"

"नही," मी म्हणालो.