पाण्यात नाक खुपसणारी होडी

ढोल वाजवणारीला शर्यत उलटी दिसते. बाकी वीस जण माझ्या ठोक्यावर, शेवटच्या रेषेकडे तोंड करून वल्ही मारतात. मी मात्र होडीच्या पुढच्या टोकावर, ड्रॅगनच्या लाकडी मुंडक्याला पाठ लावून, त्यांच्याकडे बघत बसते. जिथे पोहोचायचं ते मला कधीच दिसत नाही. मागे सुटत चाललेलं तेवढं दिसतं: खाली-वर होणारी कपाळं, तळ्यावरचं विरळ धुकं, आणि सगळ्यांच्या पलीकडे, शेपटाशी, लांब सुकाणू धरून उभा असलेला माझा धाकटा भाऊ.

त्याला सगळे बारक्या म्हणतात. डोकं दाराच्या चौकटीला आपटतं इतका उंच आहे, पण शेंडेफळ म्हणून बारक्या. आई गेली तेव्हा तो अजून बोट धरून चालत होता. शिवणयंत्र चालवून मी त्याला वाढवलं. माझी जीभ तिखट आहे, हे मला कोणी नव्याने सांगायला नको. पण त्याच्यापुढे तिचं काही चालत नाही, कारण तो भांडतच नाही. तो सरळ ती गोष्ट सोडून देतो. लहानपणी त्याने स्वतः केलेला पतंग उडला नाही, तर पुन्हा जन्मात त्याने दोरा हातात धरला नाही. मी किती विनवण्या केल्या, किती ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी.

तो फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय करायचा. आमच्या चमूची जुनी होडी त्याला बघवत नव्हती. तिला आम्ही म्हैस म्हणायचो. सुरुवातीला ती हलायलाच तयार नसायची, पण एकदा हलली की दोन वल्ह्यांच्या मधल्या वेळातही आपल्याच तंद्रीत पुढे सरकत राहायची. शर्यत मात्र तोवर संपलेली असायची. मग एक दिवस बारक्या जेवताना म्हणाला, "ताई, मी होडी करतो. हलकी. कारखान्यातून वर्षाची सुट्टी मागितली आहे."

"आणि नाही धावली तर?"

"तर खुर्च्यांचे पाय. मग मरेपर्यंत तेच."

तो हे मीठ मागावं इतक्या सहज म्हणाला. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला. हा मुलगा बोलला म्हणजे बोलला, हे मला ठाऊक होतं.

वर्षभर तो तळ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. मी दुपारी डबा घेऊन जायची, तेव्हा आत भुशाचा आणि वॉर्निशचा वास भरलेला असायचा. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यांत धूळ तरंगायची आणि त्या धुळीत ती होडी हळूहळू आकाराला यायची. एखाद्या दिवशी नुसत्या फासळ्या दिसत, पुढच्या खेपेला अंगावर पातळ फळ्या चढलेल्या असत. बारक्या तिच्या पोटावरून हात फिरवत राहायचा. "पाणी चिकटतं गं अंगाला. अंग जितकं कमी बुडेल तितकी ओढ कमी." म्हणून होडी हलकी. नाक तर त्याने इतकं निमुळतं केलं की पाण्याला कळूही नये कोण आत शिरलं. मी तिथे खोक्यावर बसून गिऱ्हाइकांच्या शर्टांना काजं करायची आणि कधी डोळा लागायचा ते समजायचं नाही. जाग यायची तेव्हा रंधा चालूच असायचा. ते माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते.

तोल बघायला मात्र वीस माणसं एकत्र मिळेनात. कोणाची बेकरी, कोणाची इस्पितळातली पाळी, कोणाची बस. मग बारक्याने प्रत्येकाच्या वजनाचं वाळूचं पोतं भरलं आणि ज्याच्या त्याच्या जागी बसवलं. बेकरीवाल्याच्या पोत्याला त्याने टोपीही घातली. अशी ती पोत्यांनी भरलेली होडी आम्ही पहाटे पाण्यात ढकलली. वारा नव्हता. पोती दोन-दोनच्या ओळीत शहाण्यासारखी बसली होती आणि होडी पाण्यावर अशी सपाट उभी होती, जणू कोणी मोजपट्टी ठेवून रेघ मारली आहे. बारक्या काठावर उकिडवा बसून कितीतरी वेळ बघत राहिला. त्याचा चेहरा इतका निवलेला मी कधी पाहिला नव्हता.

रंग वाळायला उशीर झाला. शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही जेमतेम एक फेरी मारली, तीही नव्या नवरीला जपावं तशी, हळूहळू. मी ठोका जलद धरायला शिकले. म्हशीला लांब, सावकाश ठोका लागायचा. हिचं उलट होतं. हात लागला की निघायची, आणि हात थांबला की तीही तिथेच थांबायची. हिला विसावा चालायचा नाही. बेकरीवाला पहिल्या बाकावर बसतो, तो म्हणाला, "ताई, ही होडी नाही, चहाडी आहे. बोलायच्या आत पसरते."

शर्यतीच्या दिवशी सहा होड्या ओळीत उभ्या राहिल्या. शिट्टी झाली आणि आम्ही असे सुटलो की माझी टोपी उडाली. बाकीच्या होड्या मागे पडत गेल्या. मला त्या समोर दिसत होत्या आणि मी ढोल बडवत हसत होते. वल्ही एकदम आत, एकदम बाहेर. बारक्या शेपटाशी ताठ उभा होता.

मग माझ्या पाठीला पाणी लागलं. आधी वाटलं तुषार असतील. नंतर मांडी भिजली. ड्रॅगनची हनुवटी पाण्यात गेली होती आणि प्रत्येक वल्ह्याबरोबर होडी आणखी थोडं नाक खुपसत होती. शेजारची होडी आमच्या बरोबरीला आली आणि माझ्या पाठीमागे निघून गेली. मग दुसरी गेली. माणसं जीव तोडून वल्हवत होती. जितकी जास्त तोडत, तितकं नाक खाली.

बाकीचे पुढे बघत होते. बारक्याचा चेहरा फक्त मला दिसत होता. तो विझत चालला होता. पतंग जमिनीवरून उचलून घडी घालताना त्याचा चेहरा असाच झाला होता.

तेव्हा सगळे आवाज कुठेतरी लांब गेले. माझेच हात ढोलावर पडत होते, पण ते दुसऱ्या कोणाचे असावेत असं वाटत होतं. समोर वीस जण वाकत होते, पाण्यात वल्ही घालायला पार पुढे झुकत होते, आणि मला माझ्या शिवणाच्या दुकानातला पुतळा आठवला. पुतळ्यावर बेतलेला कोट झकास बसतो. गिऱ्हाईकाने हात उचलला की बगलेत ओढतो, कारण पुतळा कधी हात उचलत नाही. बारक्याने होडी पोत्यांवर बेतली होती. पोती वाकत नाहीत. ही माणसं वाकत होती, सगळी एका दमात, आणि त्यांचा सगळा भार पुढे, त्या सुरीसारख्या नाकावर येत होता. त्या नाकाच्या टोकावर मी बसले होते.

होडीत काहीच चुकलं नव्हतं. वजन तेवढं पुढे जास्त झालं होतं.

सगळी माणसं घेऊन रेषा ओलांडली नाही तर होडी बाद, हा नियम मला पाठ होता. बाद झाली तर झाली, मला काय त्याचं. माझ्या पोराने पुन्हा काही उचलून घडी घालून ठेवलेलं मला बघायचं नव्हतं.

"मोजा रे मोठ्याने!" मी पहिल्या बाकावर ओरडले. "थांबू नका!"

"ताई? अहो ताई, काय करताय..."

मी बाजूला कलंडले आणि पाण्यात पडले.

पाणी गार होतं. अंगातल्या लाइफ जॅकेटने मला वर आणलं आणि मी उताणी तरंगत राहिले. कानात पाणी गेलं होतं, त्यामुळे जग मुकं झालं होतं. वळून पाहिलं, तर होडी पाठमोरी चालली होती. इतक्या वर्षांत मी आमची होडी अशी लांबून जाताना कधी पाहिलीच नव्हती. पुढे मुंडकं पाण्याबाहेर आलं, हनुवटीवरून धार गळली आणि होडी सपाट झाली. मग ती गेली. किती सुरेख गेली! पाण्याला धक्का न लावता, त्याच्या अंगावरून नुसती सरकत. एका होडीला तिने मागे टाकलं, मग दुसरीला. मी पाण्यात एकटीच ओरडत होते, काय ओरडत होते देव जाणे.

बचावाच्या बोटीतला माणूस मला वर ओढताना म्हणाला, "बाई, पडलात कशा?"

"पडले नाही, उतरले," मी म्हटलं.

काठावर भोंग्यातून सांगितलं गेलं की पहिली आलेली होडी बाद. आमची माणसं माझ्याकडे बघेनात. बेकरीवाला तेवढा टॉवेल घेऊन आला आणि माझ्या अंगावर टाकून गेला. मी कुडकुडत धक्क्यावर बसले. बारक्या होडीजवळ गुडघाभर पाण्यात उभा होता. बराच वेळ त्याने मान वर केली नाही. मी तोंड उघडायला घाबरले. मी, घाबरले!

शेवटी तो आला आणि शेजारी बसला.

"पोत्यांना कंबर नसते रे," मी म्हटलं.

मग त्याने बोटाने धक्क्याच्या ओल्या दगडावर एक रेघ काढली. ती टोकाशी जरा फुगीर केली. पुसली आणि पुन्हा काढली.

"पुढच्या होडीला नाक थोडं भरीव ठेवतो," तो म्हणाला. "आणि ताई, सगळ्यांची वजनं मी बेकरीच्या काट्यावर केली, तुझं तेवढं अंदाजाने धरलं. विचारायची छाती झाली नाही. आता खरं सांग. किती?"

मला रडू आवरेना. हे वजन मी डॉक्टरलाही कधी धड सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं, एक ग्रॅमही न चोरता.