खजुराच्या बिया

ओमानमधल्या वहिबाच्या वाळवंटात जूनच्या भर दुपारी गाडी घालू नका, असं शम्साने दोनदा बजावलं होतं. पण मस्कतहून आलेले हुमैदमामा हसले. "पोरी, तुझं वय नाही तितकी वर्षं मी गाडी चालवतोय!"

शम्साच्या घरच्यांचा तळ दहा किलोमीटर लांब असतानाच चारही चाकं रुतली. मामांनी जोर लावला तशी ती आणखीच खोल गेली. पाण्याची एकच बाटली उरली होती. ती काखोटीला मारून मामा निघाले.

"ती टेकडी ओलांडली की तुमचा तळच ना?"

शम्सा वाटेत आडवी उभी राहिली. "असं म्हणून चालत निघालेल्यांना संध्याकाळी आम्ही उचलून आणतो, मामा. गाडी सोडायची नाही. सावलीला बसा आणि खजूर खा."

"आता खजूर?"

"मला बिया हव्यात!"

बियांच्या टोकांनी तिने एकेका चाकाचा व्हॉल्व्ह दाबून धरला. फुस्स करत हवा गेली आणि चाकं उंटाच्या पावलांसारखी पसरली. मग ताटलीने वाळू उपसून ती स्वतःच गाडी चालवायला बसली. ब्रेकला पाय न लावता, हळूहळू, तिने गाडी अलगद वर काढली आणि थेट तळावर नेली.

"पोचलास का रे एकदाचा, हुमैद?" तळावर वाट पाहणाऱ्या आजोबांनी विचारलं.

"मी कुठला पोचतोय! हिने पोचवलं," मामा म्हणाले. "उद्याही हीच चालवेल."

शम्साने किल्ली खिशात टाकली आणि मान चांगलीच ताठ ठेवली.