एकाच डोळ्याची दोन चित्रं

सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंचा हात असा बसलेला, की वीस मिनिटांचं काम त्या बारा मिनिटांत उरकायच्या. त्याचा थोडा तोराही होता. त्या सकाळची तिसरी बाई मात्र एकच गोष्ट मनात धरून आली होती. तिचा पाचवा महिना संपत आला होता.

"बाकी काय बघायचं ते बघा, पण बाळाचे डोळे नीट बघा," ती म्हणाली. "मोठीचा एक डोळा मोतीबिंदूने गेला. जन्मापासूनच होता. आम्हाला कळलं ती तीन वर्षांची झाल्यावर."

डोळ्याचं निरोगी भिंग पडद्यावर काळं दिसतं, भोवती बारीक पांढरी कड. एक डोळा लगेच सापडला. दुसरा खाली दबला होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला कूस बदलायला लावली, पोटावर फिरवायचा प्रोब पुसून पुन्हा टेकवला आणि दुसराही टिपला. काळाभोर, स्वच्छ.

"दोन्ही छान आहेत."

बाईला तिथेच रडू फुटलं. मग बाहेर बाकावर बसून तिने नवऱ्याला फोन लावला.

रिपोर्टला चित्रं जोडताना डॉक्टरीणबाईंनी ती पुन्हा निरखून बघितली. दोन्ही चित्रांत भुवईपाशी तीच इवलीशी मूठ होती, फक्त आरशातल्यासारखी उलटी. पुसताना प्रोब हातात उलटा फिरला होता, त्यामुळे तोच डोळा दुसऱ्या बाजूचा वाटला होता. म्हणजे एकच डोळा दोनदा मोजून बाईसाहेब मोकळ्या! हेच एखाद्या शिकाऊ डॉक्टरने केलं असतं, तर त्यांनी त्याची सालटी काढली असती.

"पुढच्या महिन्यात येतीलच की त्या," खोलीतल्या मदतनीस मावशी म्हणाल्या. "तेव्हा बघा गुपचूप. आता कशाला त्यांच्या जिवाला घोर?"

डॉक्टरीणबाईंनाही मनातून तेच हवं होतं. 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या तोंडून घरीसुद्धा कधी निघाले नव्हते. त्यांनी दुसरं चित्र रिपोर्टमधून काढून टाकलं.

"बोलवा त्यांना," शेवटी त्या म्हणाल्या.

बाई आत आली, तशी त्यांनी सरळ सांगून टाकलं, "माझं चुकलं. मी एकच डोळा दोनदा बघितला. दुसरा बघायचा राहिलाय."

बाई पुन्हा आडवी झाली. बाळ हट्टी निघालं. तिला पाणी पाजलं, व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या, तेव्हा कुठे पाऊण तासाने त्याने मान वळवली. त्या डोळ्याचं भिंग पांढरं होतं, पूर्ण पांढरं.

"मोतीबिंदू दिसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरांशी आजच बोलते. जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ऑपरेशन झालं, तर नजर वाचू शकते."

आता ही बाई आपल्याला वाट्टेल ते बोलणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली. घाबरल्याही होत्या. बाईने पोट पुसलं, ती उठून बसली आणि तिने नवऱ्याला पुन्हा फोन लावला.

"मघाशी सांगितलं ते खरं नाही. एका डोळ्यात आहे." पलीकडचं तिने बराच वेळ ऐकून घेतलं. "अहो, आधी ऐका तर," ती म्हणाली. "या वेळी आपल्याला वेळेवर कळलंय."