दमला असशील

“शंभर पानं झाली, अजून त्यांनी एकमेकांचा हातसुद्धा धरलेला नाही,” मी फोनवर लेकीला म्हणालो.

ती हसली. आई गेल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. “बाबा, तुम्ही आणि प्रेमाची कादंबरी?”

“वाचनालयात परत करायची राहिली होती. म्हटलं, देण्याआधी बघू तरी, तुझी आई यात डोकं खुपसून काय बसायची.”

“मग धीर धरा. त्यात सगळं उशिराच व्हायचं असतं.”

“होणार काय ते पहिल्या पानावरच कळलंय. जमणार दोघांचं. मग ताटकळत कशाला ठेवायचं? मी लिफ्ट अशी चालवली तर लोक बदडतील मला.”

“लिफ्टमध्ये शिरताना कुठल्या मजल्यावर जायचंय ते तुम्हाला माहीत नसतं का?”

लेक आईवर गेली आहे.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझं वाचन म्हणजे मोटारीवर चिकटवलेल्या सूचना. बायको मात्र भाजी शिजेपर्यंत वाचायची, कपड्यांचं मशीन फिरून थांबेपर्यंत वाचायची. मी विचारायचो, “काय झालं पुढे?” ती म्हणायची, “अजून काही नाही,” आणि खुशीत पान उलटायची. काहीच झालेलं नसताना माणूस खूश कसा असतो, हे मला कळायचं नाही.

गोष्टीत चष्म्याचं दुकान चालवणारी एक बाई होती आणि समोर नव्यानं राहायला आलेला दातांचा डॉक्टर. तो चष्मा न्यायला येतो, पावती विसरतो, पुन्हा येतो. मग तिचं पार्सल चुकून त्याच्याकडे येतं. मी वैतागायचो आणि पुढचं प्रकरण उघडायचो.

एका संध्याकाळी तो ते द्यायला तिच्या घरी जातो. दार उघडून ती म्हणते, “दमला असशील. बस जरा.”

मी दोन ओळी पुढे गेलो आणि थबकलो. मागे आलो. तोवर सगळं ‘दमला असाल’, ‘बसा’ असं चाललेलं. इथं ‘असशील’. लेखिकेनं त्यावर एक अक्षर लिहिलं नव्हतं. डॉक्टर फक्त बूट काढता काढता थांबला होता. माझा चहा गार झाला.

बायकोनं मला कधी ‘तू’ म्हटलं नाही. ‘अहो’, ‘ऐकलंत का’, ‘जेवून घ्या’. मी मात्र तिला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणत आलो. मला वाट पाहावीच लागली नाही. आणि ती अशी पुस्तकं एकामागून एक वाचत होती. जे घरात मिळत नव्हतं ते तिथं शोधत होती का? हा काटा मनात घेऊन मी वाचनालयात गेलो.

तिथल्या बाईंनी पुस्तक घेतलं. मी विचारलं, “आमच्या हिला यातलं नेमकं काय आवडायचं?”

“त्या पुस्तक नेण्याआधीच विचारायच्या, ‘यात ती त्याला तू कधी म्हणते?’ मी म्हणायचे, ‘लवकरच.’ की ठेवलंच खाली. ‘एवढी घाई कसली त्यांना?’ म्हणायच्या.”

“माझ्याबद्दल काही बोलायची?”

बाई जरा घोटाळल्या. “खरं सांगू? मला कितीतरी दिवस वाटायचं, तुम्हाला मुलगा आहे.”

“एकच मुलगी आहे आम्हाला.”

“हो ना. पण त्या घड्याळाकडे बघून म्हणायच्या, ‘निघते, तो येईल आता.’ ‘त्याला थंडी सोसत नाही.’ ‘त्याला काही सापडत नाही, समोर असलं तरी.’ शेवटी मी विचारलं, मुलगा काय करतो तुमचा? तर तिथं, त्या खुर्चीत बसून हसत सुटल्या. म्हणाल्या, ‘अहो, मुलगा कुठला. आमचे हे.’”

मी त्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते.

म्हणजे मी ‘तो’ होतो. इथं, या कपाटांच्या मधे, मला ठाऊक नसताना. तोंडावर ‘तू’ म्हणाली असती तर? मी बहुतेक मागे वळून पाहिलं असतं, कोण आलंय म्हणून. ते तिला ठाऊक असणार. पण अजून थोडी वर्षं मिळाली असती, तर एखाद्या संध्याकाळी दार उघडताना तिच्या तोंडून निसटलंही असतं.

“खातं बंद करू का?” बाईंनी हळूच विचारलं.

“नको. दुसरं पुस्तक द्या.”

“कसलं देऊ?”

“उशिरा म्हणणारं.”

त्या उठल्या आणि कपाटातून बराच वेळ शोधून एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. मी ते बाहेर पायरीवरच उघडलं. पहिल्या पानावर दोघं एकमेकांना चांगलं अहो-जाहो करत होती. मी पायरीच्या कडेला सरकून लोकांना वाट करून दिली आणि पान उलटलं.